वाचक विचारतात : ग्लूटेन-फ्रीचं खरं उत्तर दुकानात नक्की कोणाकडे असतं?

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय इतक्यांदा आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि अख्खं सदर यालाच दिलं. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी छाटली आहेत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत. नवख्या वाचकांसाठी एवढंच : ग्लूटेन म्हणजे गहू, जव (बार्ली) आणि राय (rye) या धान्यांत असणारं प्रोटीन, आणि सिलिअ‍ॅक म्हणजे ज्यात ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते तो आजार.

प्रश्न : ताई, माझ्या मुलाला नुकतंच सिलिअ‍ॅक निघालंय. डॉक्टर म्हणाले ग्लूटेन पूर्ण बंद, आहारतज्ज्ञांनी काय चालेल काय नाही ते समजावून सांगितलं, घरी सगळं कळतं पण दुकानात गेलं की डोकं बंद पडतं. तिथल्या मुलाला विचारलं हे ग्लूटेन-फ्री आहे का, तर तो म्हणतो हो मॅडम, शुगर-फ्री आहे. दुसऱ्या दुकानात मॅनेजर म्हणाले तो हेल्थवाला रॅक आहे ना, त्यातलं काहीही घ्या. शेवटी काहीच न घेता परत येते. विचारायचं तरी कोणाला?

उत्तर : सगळ्यात आधी त्या काउंटरवरच्या मुलाला माफ करून टाका. त्याला माल कुठल्या रॅकवर आहे, नवीन स्टॉक कधी येणार, बिल कुठे करायचं हे माहीत असतं आणि तेवढंच माहीत असणं अपेक्षित आहे. त्या पाकिटात काय काय आहे आणि ते कुठल्या कारखान्यात कशाच्या शेजारी भरलं गेलं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण समोर गिऱ्हाईक उभं आहे, मागे लाइन आहे, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायला जड जातं, मग तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की दुकानात ‘हे ग्लूटेन-फ्री आहे का’ हा प्रश्नच विचारू नका. ज्या प्रश्नाचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असतं त्याचं उत्तर बहुतेक वेळा हो येतं. दुकानाकडून निकाल मागायचा नाही, माहिती मागायची, निकाल आपण लावायचा.

आता कोणाकडून, तर ते वस्तू कुठली आहे यावर आहे. पाकिटावर एखाद्या उत्पादक कंपनीचा ब्रँड असेल तर दुकान फक्त विकणारं आहे, खरी माहिती त्या कंपनीकडे. पाकिटावर कस्टमर केअरचा नंबर किंवा मेल असतो, थेट तिथेच जायचं. पण मोठ्या स्टोअर्सचा स्वतःच्या नावाचाही माल असतो, त्याची गोष्ट वेगळी. तो बनवतं कोणी दुसरंच, पण नाव स्टोअरचं लागलेलं असतं, त्यामुळे कशात काय आहे, कुठल्या प्लांटमध्ये बनलं, अ‍ॅलर्जीचे पदार्थ कोणते याचा कागद त्यांच्या हेड ऑफिसच्या क्वालिटी विभागाकडे असायला हवा. शाखेत नसतो, शाखेत वाद घालून उपयोग नाही. शाखेच्या मॅनेजरकडून एकच गोष्ट घ्यायची, हेड ऑफिसचा मेल आयडी.

आणि जे दुकानातच बनतं, कापतात किंवा सुटं विकतात, म्हणजे बेकरीचा कोपरा, चीज कापून देणारं काउंटर, स्कूपने काढून घ्यायचे डबे, त्याची माहिती मात्र शाखेतच मिळते. तिथे घटक काय आहेत यापेक्षा हाताळणी कशी आहे ते विचारा. स्लायसर एकच का, स्कूप या डब्यातून त्या डब्यात फिरतो का, पीठ मळतात ती जागा कुठे आहे. सुकं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ हवेत राहतं, जवळच्या उघड्या मालावर ते बसतंच. माझं मत विचाराल तर सुटा माल सिलिअ‍ॅकवाल्यांनी सोडूनच द्यावा, चौकशीत वेळ घालवण्यासारखंही त्यात काही नाही.

मेल कसा लिहायचा तेही सांगते, कारण ‘तुमचे कुठले प्रॉडक्ट ग्लूटेन-फ्री आहेत’ असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं. साधारण असं लिहा :

‘घरात सिलिअ‍ॅकचा पेशंट आहे. तुमच्या अमुक प्रॉडक्टबद्दल माहिती हवी आहे, बारकोड हा, बॅच नंबर हा, पाकिटाचा मागचा फोटो जोडला आहे. १) यात गहू, जव किंवा राय यांच्यापासून बनलेला कुठलाही घटक आहे का? स्टार्च, माल्ट, फ्लेवरिंग आणि मसाला मिश्रण कशापासून बनलंय? २) याच लाइनवर गहू असलेलं दुसरं काही बनतं का, बनत असेल तर मधे सफाई कशी होते? ३) तयार मालाची ग्लूटेनसाठी टेस्ट होते का, किती पीपीएमची मर्यादा धरता आणि किती वेळाने करता? ४) हे उत्तर कुठल्या तारखेपर्यंत लागू धरावं?’

चारच प्रश्न (पीपीएम म्हणजे काय ते पुढे सांगते), पण यातला एकही नुसतं ‘हो’ म्हणून उडवता येत नाही. बारकोड द्याच, कारण एकाच नावाच्या सूपचे पाच फ्लेवर असतात आणि त्यातल्या एकातच घट्टपणासाठी गव्हाचं पीठ असतं, नावावरून विचारलं तर समोरचा भलत्याच पाकिटाचं उत्तर देतो. शक्यतो फोन नको, मेलच करा. फोनवरचं ‘हो हो चालेल मॅडम’ पुढे दाखवायला हातात काही राहत नाही.

प्रश्न : मी एका कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ‘आम्ही या उत्पादनात ग्लूटेनयुक्त घटक वापरत नाही, तथापि उत्पादन ग्लूटेनमुक्त असल्याचा दावा करत नाही.’ याचा अर्थ काय काढायचा? खायचं की नाही?

उत्तर : असं उत्तर वाचून राग येतो खरा, पण मला विचाराल तर हे त्यातल्या त्यात प्रामाणिक उत्तर आहे. त्याचा अर्थ, रेसिपीत आम्ही काही घातलेलं नाही पण कारखान्यात दुसरीकडून काही आलं का ते आम्ही तपासलेलं नाही. म्हणजे अर्धंच उत्तर मिळालं, उरलेलं अर्धं लाइनचं, ते वरच्या मेलमधला दुसरा प्रश्न पाठवून परत मागा. वेगळा प्लांट आहे, तिथे गहू येतच नाही असं कळलं तर चित्र बदलतं. त्याच लाइनवर सकाळी बिस्किटं आणि दुपारी हे, असं कळलं तर ठेवून द्या.

याच्या बरोबर उलटं उत्तर म्हणजे ‘आमचं सगळं नॅचरल आणि हेल्दी आहे, निश्चिंत राहा’. हे उत्तर नाहीच, जाहिरात आहे. गहू तरी कुठे अननॅचरल आहे!

सगळ्यात पक्कं उत्तर म्हणजे ‘टेस्ट करतो, २० पीपीएमच्या खाली असतं’. हा आकडा सगळीकडे दिसतो म्हणून थोडं त्याच्याबद्दल. पीपीएम म्हणजे दहा लाखात किती, म्हणजे १ किलो पदार्थात २० मिलिग्रॅम ग्लूटेन. कोडेक्स हे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारं मंडळ, त्यांचा ग्लूटेन-फ्रीचा निकष १९७९ चा, तो २००८ मध्ये बदलून ही २० ची मर्यादा आली आणि पुढे युरोप, अमेरिका, भारत सगळ्यांनी तीच धरली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड याहून कडक, तिथे ग्लूटेन-फ्री लिहायचं तर टेस्टमध्ये ग्लूटेन सापडताच कामा नये आणि ओट्स तर घालायचेच नाहीत.

२० तरी का, शून्य का नाही असं बरेच जण विचारतात. ‘शून्य’ असं कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, एका पातळीच्या खाली तिला दिसतच नाही. शिवाय शरीराला किती सोसतं त्याचाही हिशोब आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिअ‍ॅकच्या पेशंटना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली, आणि दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना त्रास होत नाही असं आता धरतात. २० पीपीएमवालं काही १०० ग्रॅम खाल्लं तर पोटात जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम जातं. आता ब्रेडचा एक साधा स्लाइस घ्या, त्यात दोन ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन, म्हणजे २००० मिलिग्रॅम. त्याचे दोनशे तुकडे केले तर एका तुकड्यात १० मिलिग्रॅम, दिवसाचा कोटा संपला. त्या स्लायसरबद्दल मी एवढं का बोलले ते यातून कळेल.

प्रश्न : पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात ग्लूटेन-फ्री आणि मागे घटकांमध्ये गव्हाचा स्टार्च!! ही सरळ फसवणूक नाही का? दुकानदाराला दाखवलं तर तोही चक्रावला.

उत्तर : चक्रावण्यासारखंच आहे, पण फसवणूक असेलच असं नाही. ग्लूटेन हे गव्हातलं प्रोटीन. स्टार्च वेगळा काढून तो इतका धुता येतो की उरलेलं ग्लूटेन मर्यादेच्या खाली जातं, आणि तयार माल २० पीपीएमच्या आत असेल तर ग्लूटेन-फ्री लिहायला बऱ्याच ठिकाणी परवानगी आहे. अमेरिकेत अशा पाकिटावर हा गहू प्रक्रिया करून मर्यादेत आणलाय अशी जादा ओळ छापावी लागते. सिलिअ‍ॅकसाठी हे चालतं, मात्र ज्यांना गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी याच्या वाटेला अजिबात जायचं नाही, ते दुखणंच वेगळं आहे.

उलटीही गंमत आहे, आणि ती जास्त धोक्याची. ‘गहू-विरहित’ लिहिलेलं पाकीट ग्लूटेन-फ्री असेलच असं नाही, कारण जव आणि राय त्यात असू शकतात. अमेरिकेत अ‍ॅलर्जीची जी सक्तीची यादी आहे त्यात फक्त गहू येतो, जव-राय येत नाहीत, त्यामुळे तिथून आलेल्या मालावर खाली ‘गहू आहे’ असं लिहिलेलं नाही म्हणून खूश व्हायचं नाही, वरची घटकांची ओळ पूर्ण वाचायची. युरोपात मात्र ग्लूटेन असलेली सगळी धान्यं तिथल्या सक्तीच्या १४ अ‍ॅलर्जीच्या गटांत धरलीत आणि घटकांच्या यादीतच ती ठळक छापावी लागतात. म्हणजे एकाच रॅकवर शेजारी शेजारी ठेवलेली दोन आयात पाकिटं दोन वेगळ्या नियमांनी बोलत असतात.

घटक वाचताना नजर कुठे अडकली पाहिजे तेही सांगून टाकते. माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर हे बहुतेक वेळा जवाचं. सोया सॉस नाव सोयाचं पण नेहमीच्या पद्धतीत त्यात गहू असतो. स्पेल्ट, कामूट, ड्युरम, बुलगुर, कुसकुस, सेइतान ही सगळी गव्हाचीच नावं किंवा गव्हाचेच पदार्थ. ट्रिटिकेल म्हणजे गहू आणि राय यांचा संकर. उलट बकव्हीटचा गव्हाशी काही संबंध नाही, ते चालतं, फक्त पीठ कुठे दळलं ते बघा. आणि माल्टोडेक्स्ट्रिन बघून बरेच जण दचकतात, त्याचा माल्टशी संबंध नाही, सोडा ती काळजी.

प्रश्न : ओट्स चालतात की नाही एकदाचं सांगा. दुकानातली ताई म्हणते ओट्समध्ये ग्लूटेन नसतंच.

उत्तर : तिचं बरोबर आहे, ओट्समध्ये गव्हासारखं ग्लूटेन नसतं. पण शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत ते गहू आणि जवाच्या संगतीत वाढतात, त्यामुळे साधे ओट्स नको. ग्लूटेन-फ्री म्हणून टेस्ट केलेलेच घ्यायचे, आणि तेही काही थोड्या पेशंटना सोसत नाहीत, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमच्या इथल्या स्टोअरने मागितल्यावर लगेच ग्लूटेन-फ्री मालाची छापील यादी दिली, फार बरं वाटलं. आता ती यादी बघून डोळे झाकून खरेदी केली तर चालेल ना? शिवाय त्यांच्या अ‍ॅपवर फिल्टरही आहे.

उत्तर : यादी दिली हे चांगलंच केलं त्यांनी, फार थोडी दुकानं देतात. फक्त डोळे उघडे ठेवा. यादीवर तारीख आहे का बघा, नसेल तर ती यादी नुसती सुरुवात करायला वापरा. कंपन्या रेसिपी बदलतात, पुरवठादार बदलतात, एखादा स्टार्च महाग झाला की दुसरा घेतात, आणि पाकिटाचं चित्र तेच राहतं. यादीला ते कळत नाही. दुसरं, ती यादी कशी बनवली ते विचारा. फक्त ग्लूटेन-फ्री छापलेल्या वस्तू घेतल्यात, की कोणीतरी बसून घटक वाचले आणि गहू दिसला नाही म्हणून नाव टाकलं? दुसऱ्या प्रकारात क्रॉस-कॉन्टॅक्टचा, म्हणजे दुसऱ्या मालातून ग्लूटेन लागण्याचा, विचार झालेलाच नसतो.

अ‍ॅपच्या फिल्टरवर तर माझा त्याहून कमी विश्वास. ती माहिती कंपनीने एकदा भरून दिलेली असते, किंवा तिसऱ्याच कोणीतरी टाइप केलेली, किंवा नावात ‘तांदूळ’ दिसलं म्हणून टॅग लागलेला. फिल्टर लावून शोधा, पण घरी आलेल्या पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय उघडू नका. रॅकवरच्या पट्टीचंही तसंच, पट्टी जागेवर चिकटलेली असते आणि माल सरकत असतो, कोणीतरी गिऱ्हाईक हातातलं पाकीट नको म्हणून भलत्या जागी ठेवून जातं.

त्यापेक्षा पाकिटावरच्या प्रमाणपत्राच्या खुणेला जास्त वजन द्या. गव्हाच्या ओंबीवर काट मारलेली जी खूण आहे ती ओंबी कोणालाही परस्पर छापता येत नाही, सिलिअ‍ॅक संघटना तिचं लायसन्स देतात आणि त्यासाठी मर्यादा पाळून टेस्ट कराव्या लागतात. आणखीही प्रमाणपत्रं आहेत, जीएफसीओ (Gluten-Free Certification Organization) या संस्थेचं आहे, त्यांची मर्यादा १० पीपीएम. पण कुणीतरी डिझाइनरने काढलेला हिरवा गोल आणि त्यात ‘नो ग्लूटेन’ एवढंच असेल तर ती खूण नाही, चित्र आहे. खाली प्रमाणपत्र देणाऱ्याचं नाव किंवा नंबर आहे का ते शोधा.

आणखी एक. ‘गव्हाचे अंश असू शकतात’ ही ओळ बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. ती आहे म्हणजे सावध करतायत, पण ती नाही म्हणजे धोका नाही असं धरू नका, कदाचित लिहायचं ठरवलंच नसेल.

प्रश्न : मला विचारायलाच लाज वाटते. मागे लोक खोळंबतात, कोणीतरी पुटपुटतं की ही नवी फॅशन आलीये, आणि दुकानवाले असे बघतात जणू मी फुकट मागतेय.

उत्तर : फॅशनवाले आहेतच, आणि त्यांच्यामुळे तुमचं बोलणं लोक हलक्यात घेतात हेही खरंय. पण त्यांच्याचमुळे रॅकवर एवढा माल आला, तेव्हा त्यांना फार बोल लावत नाही मी. जगात साधारण शंभरात एकाला सिलिअ‍ॅक असतो, पुष्कळांना माहीतही नसतं, म्हणजे त्या लाइनमध्येच एखादा असू शकेल.

गर्दीच्या वेळी विचारूच नका, एवढं केलं तरी अर्धी लाज जाते. दुपारची रिकामी वेळ बघून जा, पहिलं वाक्य ‘ग्लूटेन’ असं न म्हणता ‘आमच्या पेशंटला गहू आणि जव अजिबात चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय’ असं म्हणा. ग्लूटेन म्हटलं की समोरच्याला डाएट वाटतं, पेशंट म्हटलं की तो नीट ऐकतो. सगळ्या यादीचं एकदम नको, एका वेळी दोन-तीन वस्तूंचं विचारा. आणि जी वस्तू एकदा पक्की झाली तिचा पुढून-मागून फोटो फोनमध्ये एका अल्बममध्ये ठेवा, पुढच्या वेळी नवीन पाकीट त्या फोटोशी ताडून बघा. घटकांची ओळ बदललेली दिसली तरच परत मेल. ‘नवीन चव’, ‘आता आणखी कुरकुरीत’ असं पाकिटावर आलं की समजायचं, आत काहीतरी बदललंय.

प्रश्न : मी स्वतः दुकान चालवतो. महिन्यातून कोणी ना कोणी ग्लूटेन-फ्रीचं विचारतंच. खोटं सांगायचं नाही आणि गिऱ्हाईकही तोडायचं नाही, मी काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, वरच्या सगळ्यांनी तुमच्याकडेच यावं असं वाटतंय.

तुमच्या माणसांना एकच वाक्य शिकवा, ‘मला नक्की माहीत नाही, पाकीट दाखवतो आणि कंपनीचा नंबर देतो’. एवढं म्हटलं की गिऱ्हाईक तुटत नाही, उलट चिकटतं, कारण बाकी सगळीकडे त्याला ‘हो हो’ ऐकून कंटाळा आलेला असतो. एक फाइल किंवा वही ठेवा, ज्या कंपन्यांकडून लेखी उत्तर आलं त्याची प्रिंट तारखेसकट त्यात लावा, आणि गिऱ्हाईकाला ती वाचू द्या, तुम्ही अर्थ सांगत बसू नका. तुमचा वितरक किंवा सेल्समन येतो तेव्हा त्याच्याकडे त्या मालाचं स्पेसिफिकेशन मागा. एकट्या गिऱ्हाईकाच्या मेलला उत्तर यायला आठवडे लागतात, दुकानदाराने मागितलं की लवकर हलतात, कारण ऑर्डर तुमच्या हातात असते.

ग्लूटेन-फ्रीचा रॅक वेगळा केलात तर त्यात फक्त तसं छापलेला किंवा प्रमाणपत्राचा माल ठेवा. शुगर-फ्री, ऑरगॅनिक, हाय प्रोटीन हे तिथे मिसळू नका, तिथूनच तो ‘हेल्थवाला रॅक, काहीही घ्या’ प्रकार सुरू होतो. गव्हाच्या पिठाची पाकिटं वर आणि ग्लूटेन-फ्री खाली असं कधीच नको, पाकीट फुटलं की सगळं खालीच सांडतं, म्हणून ग्लूटेन-फ्री सगळ्यात वरच्या फळीवर. एखादी कंपनी मालाची बॅच परत मागवते तेव्हा कोणाकोणाला कळवायचं हे माहीत असावं, म्हणून नेहमीच्या सिलिअ‍ॅकवाल्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांना विचारून त्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि स्वतः पॅक करून विकत असाल, म्हणजे मोठ्या पोत्यातून छोट्या पिशव्यांत, तर त्यावर ग्लूटेन-फ्रीचं स्टिकर लावू नका, मूळ पोत्यावर तसं लिहिलेलं असलं तरी नाही, कारण तो माल आता तुमच्या वजनकाट्यावरून आणि तुमच्या स्कूपमधून गेलाय.